पहाटेचा ट

मित्रांनो, भर दुपारी रात्र करायची असेल, तर माझ्याकडे यावं लागतं. मी एक टूलबार आहे, आता बराच जुना झालेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या बाजूला बटणांची आडवी पट्टी असते ना, ती म्हणजे मी. तुम्ही मला रोज बघता आणि एकदाही नीट बघत नाही. त्याचा मला राग नाही. माझ्या बटणावर टिचकी मारून माणसं पुढच्याच क्षणी दुसरीकडे बघू लागतात, आणि त्यांनी तसं बघावं यासाठीच तर मी आहे.

मात्र मला चारचौघांसारखा समजू नका. कापा, चिकटवा, छापा असली कामं मी जन्मात केली नाहीत. माझी बटणं आहेत ‘संध्याकाळ’, ‘चांदणं’, ‘ग्रह’, ‘आकाश फिरवा’, आणि अगदी शेवटी, उजव्या टोकाला, ‘पहाट’. मी एका तारांगणात काम करतो. आतून पांढराशुभ्र असलेला मोठा घुमट, त्याखाली मागे रेलणाऱ्या खुर्च्यांची रिंगणं, मधोमध आकाश दाखवणारं यंत्र, आणि कडेला एक लहानसं टेबल. टेबलावर आखूड पडद्याचा एक जुना कॉम्प्युटर. उजेड मुलांच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे वळवलेलं असे. तिथे मी राहायचो.

माझा जन्म मात्र तिथला नाही. तो झाला एका जेवणाच्या टेबलावर, मिठाची बरणी आणि धुऊन पालथे घातलेले पेले यांच्यामध्ये.

तारांगणात मुलांना आकाश दाखवणारे एक काका होते. मुलं त्यांना तारेकाका म्हणत. नवीन यंत्र आलं तेव्हा ते चालवायला पडद्यावर बारीक अक्षरांची एक लांबलचक जंत्री उघडायची, आणि काकांची नजर तर तेव्हाच उतरणीला लागलेली. अंधारात त्यांना हवं असायचं एक आणि यंत्र दाखवायचं भलतंच. एकदा त्यांनी चंद्र मागितला आणि अख्खं आकाश गरागरा फिरलं. मुलांबरोबर आलेल्या एका बाईंना भोवळच आली. घरी आल्यावर काकांनी ही गोष्ट हसत हसत सांगितली, पण त्यांच्या लेकीला हसू आलं नाही.

ती लेक म्हणजे माझी ताई. ती एका कार्यालयात कॉम्प्युटरचंच काम करायची. सुट्टीच्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला आणि एक स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीखाली ओळ लिहून सांगितलेली कामं. त्यातल्या काही ओळींतून मी झालो. काका शेजारी बसून होते.

“बाबा, बटणांवर चित्रं ठेवू की शब्द?”

“शब्द ठेव. तू सूर्य काढशील आणि मला तो लिंबू वाटेल.”

“दोन्ही ठेवते. चित्राच्या शेजारी शब्द.”

“मग चालेल. आणि पहाट शेवटी. काही झालं तरी पहाट शेवटी.”

आम्हा टूलबारांना वागायची रीत शिकवावी लागते. ताईच्या कामात तिला स्टाईल म्हणतात. शब्द चित्राच्या खाली नाही, शेजारी लिहायचा, ही माझी एक स्टाईल. प्रत्येक बटणाने आपल्या शब्दापुरती जागा घ्यायची, उगाच पाय पसरायचे नाहीत, ही दुसरी. आणि तिसरी माझी लाडकी. कुणी बटणावर माउसचा बाण आणून थांबलं, की त्या बटणाचं नाव एका छोट्याशा चौकटीत हळूच सांगायचं. मला आवाज नाही, मित्रांनो. ती चौकट हीच माझी कुजबुज.

मग माझे सोन्यासारखे दिवस सुरू झाले. मुलं आत यायची तेव्हा घुमटात नुसता गलका असायचा. काका ‘संध्याकाळ’ दाबत. घुमट आधी पिवळसर, मग जांभळा, मग गडद निळा होत जाई, आणि त्याबरोबर मुलांचे आवाजही उतरत उतरत विझून जात. ‘चांदणं’ दाबलं की सगळ्या खुर्च्यांतून एकच लांब ‘आ’ निघे. माझं तोंड भिंतीकडे, त्यामुळे घुमट मला कधी दिसला नाही. काकांच्या चष्म्याच्या काचांत जेवढं आकाश उमटे, तेवढंच माझं. तेवढं मला पुष्कळ होतं.

बाहेर रस्त्यावर ऊन असायचं, माणसं सावलीच्या कडेकडेने चालत असायची, आणि आत आम्ही रात्रीत तरंगत असायचो. मला तेव्हा खरंच वाटायचं की रात्र मीच करतो. बाहेरच्या मोठ्या आकाशालाही एखादा टूलबार असेल, त्याच्याही उजव्या टोकाला एक बटण असेल, आणि तिथलेही कुणी काका ते न चुकता दाबत असतील, असं मनात येऊन माझी तंद्री लागायची. आमच्यात तिला ‘हँग होणं’ म्हणतात, पण ते जाऊ द्या.

खेळ सुरू करताना काका एक वाक्य नेहमी म्हणत. “मुलांनो, आता रात्र होणार. घाबरायचं नाही. सकाळ केल्याशिवाय मी कुणालाही घरी सोडणार नाही, हा माझा शब्द.” लहान लहान मुलं त्या शब्दाच्या भरवशावर अंधारात बसत. आणि शेवटी काका ‘पहाट’ दाबत. घुमटाच्या एका कडेला फिकट रेघ उमटे, तारे एकेक करून मागे सरत, कुणीतरी खरोखर झोपेतून उठल्यासारखी जांभई देई. भिंतीवर ट्यूबलाइट होत्या, पण खेळ चालू असताना काकांनी त्या कधी लावू दिल्या नाहीत. “रात्रीला असं हाताला धरून ओढून उठवायचं नसतं,” ते म्हणायचे.

अडचण एवढीच होती, की माझी बटणं तेव्हा फुगीर होती. प्रत्येकाला वरून एक पांढरी कड. उजेडात ती शोभून दिसे, अंधारात चकाके. अगदी मंद तारे दिसायला गडद काळोख लागतो, आणि माझ्या कडांचा उजेड भिंतीवर पडून तो काळोख पातळ होई. एक दिवस काका लेकीला म्हणाले, “त्या कडा घालव की जरा. बटणं सपाट कर.”

“एका ओळीचं काम आहे, बाबा.”

मित्रांनो, ‘एका ओळीचं काम’ हे शब्द ऐकले की आजही माझी सगळी बटणं दचकतात. ताईने कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत ती ओळ लिहिली आणि चालवून न बघताच बाबांना पाठवून दिली. ओळीचा अर्थ इतकाच होता: टूलबारची स्टाईल सपाट.

मी लगेच सपाट झालो. सपाट म्हणजे निव्वळ सपाट. आधीच्या सगळ्या स्टाईल मी उतरवून ठेवल्या, कारण त्या ओळीत त्यांचं नाव नव्हतं. मला वाटलं, ताईचं मन बदललं असेल. आम्हाला उलट विचारायची सोय नसते.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला उघडलं आणि चष्मा काढून पुसला. कडा गेल्या होत्या खऱ्या. पण शब्द चित्रांच्या शेजारून घसरून खाली गेले होते, आणि माझी उंची पहिल्याइतकीच राहिलेली, त्यामुळे प्रत्येक शब्दाची फक्त शिरोरेघ दिसत होती. नुसती छपरं, खाली घरं नाहीत. त्यातून सगळी बटणं ‘आकाश फिरवा’एवढी रुंद होऊन बसली. इतकी लांब पट्टी त्या आखूड पडद्यात मावेना, आणि शेवटचं बटण उजव्या कडेबाहेर गेलं. शेवटचं बटण कोणतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मुलं येऊन बसली होती. काकांना वाटलं, क्रम तर पाठ आहे, निभावून नेऊ. त्यांनी नेहमीचा शब्द दिला. संध्याकाळ झाली, चांदणं पडलं. कडा नसल्यामुळे त्या दिवशी अगदी मंद तारेही दिसले. तेवढी सुंदर रात्र मी त्याआधी कधी केली नव्हती. मग शेवट आला. काकांचा बाण उजवीकडे सरकत गेला, कडेला अडला, मागे आला, पुन्हा गेला. मी कडेपलीकडे पहाट घेऊन उभा होतो, आणि मला कुजबुजताही येत नव्हतं.

काका बोलत राहिले. सांगण्यासारखं सगळं संपलं, तरी बोलत राहिले. मुलांची चुळबूळ सुरू झाली. शेवटी दाराशी बसणाऱ्या शिपाईमामांनी घाबरून भिंतीवरचं बटण दाबलं आणि फटकन ट्यूबलाइट लागल्या. सगळ्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी हमसून हमसून रडू लागली.

“सकाळ झालीच नाही,” ती तिच्या बाईंना सांगत होती. “काका खोटं बोलले.”

ते वाक्य काकांनी ऐकलं. मीही ऐकलं.

तारांगणाच्या व्यवस्थापकबाई वाईट नव्हत्या. घुमट रिकामा झाल्यावर त्या टेबलापाशी आल्या.

“काका, मागे त्या बाईंना भोवळ आली, आज हे असं. आता तयार फिल्म मिळते. निवेदन, संगीत, सगळं तिच्यातच. एकदा सुरू केली की आपल्याला बघायला नको.”

“आणि मुलांनी मधेच काही विचारलं तर?”

“विचारतात का हो एवढी?” बाई म्हणाल्या. “शनिवारच्या खेळाला मी स्वतः येऊन बसते. नीट झाला तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर फिल्म लावू. तुम्ही या की मग आरामात, बघायला.”

“बघायला,” काका म्हणाले, आणि त्यांनी मला बंद केलं.

आम्हा टूलबारांची एक चैन आहे, आम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतो. तारांगणात मी बंद होतो, पण ताईच्या लॅपटॉपवर त्याच जेवणाच्या टेबलावर मी उघडाच होतो. ताईचा चेहरा पडला होता. आपल्या एका ओळीमुळे बाबांचं काम जातंय, हे तिला कळून चुकलं होतं. कार्यालयातून आली की ती माझ्यापुढे बसे. तिने माझी चित्रं बदलली. अक्षरं लहान केली, मग मोठी केली. मी नेमका कुठे संपतो ते बघायला तिने मला आगीच्या बंबासारखा लालभडक रंगवला. सपाट काढलं की शब्द शेजारी येत, कडा परत चकाकत. सपाट घातलं की कडा जात आणि शब्द खाली पडत. किती वेळा तरी तिने मला असं उठवलं आणि बसवलं.

“बाबा, सपाटपणा आणि शब्द एकत्र नांदत नाहीत बहुतेक,” शेवटी ती म्हणाली. “कडा राहू देऊ का?”

“राहू दे. मंद तारे तेवढे जातील.” काका हातातल्या पेल्याकडे बघत होते. “जाऊ देत. नाहीतरी कितीजणांना दिसतात?”

तेवढ्यात ताईची आई स्वयंपाकघरातून आली आणि काकांच्या पुढ्यातला पेला बघून तिथेच थबकली.

“अहो, आज पुन्हा नुसतं दूध?”

“डॉक्टरांनीच सांगितलंय. झोपायच्या आधी दूध घ्या म्हणाले.”

“दूधही घ्या म्हणाले! दूधच घ्या असं कुठे म्हणाले? जेवण बंद करा असं सांगितलं त्यांनी?”

“चालू ठेवा असंही नाही सांगितलं.”

“अहो, एवढं सगळं फोड करून सांगावं लागतं का माणसाला?”

“माणसाला नाही लागत, आई,” ताई एकदम ताठ बसली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “याला लागतं! मी याला ‘सपाटच हो’ म्हटलं. ‘सपाटही हो’ म्हणायला हवं होतं.”

मित्रांनो, मला त्या क्षणी रडू आलं असतं, पण तशी स्टाईल मला दिलेली नाही. ताईने ती ओळ खोडून नवी लिहिली. आता ओळ म्हणत होती: आधी टूलबारकडे ज्या ज्या स्टाईल आहेत त्या विचारून घे, त्या तशाच ठेव, आणि त्यांत सपाट ही एक मिळव. मी सपाटही झालो, माझे शब्दही शेजारी आले, माझी कुजबुजही परत आली. आईने काकांपुढे ताट ठेवलं आणि ते मुकाट्याने जेवले. जेवता जेवता त्यांनी माझ्याकडे दोनदा मान वळवून बघितलं. ताईने त्यांच्या नजरेसाठी माझी अक्षरंही थोडी मोठी केली. तिच्या रुंद पडद्यावर मी ऐटीत दिसत होतो.

शनिवारी ती सुट्टी काढून बाबांबरोबर तारांगणात आली. आधी सगळं चालवून बघायचं असं ठरलं होतं, पण सकाळपासून वीजच नव्हती. वीज आली तेव्हा मुलं खुर्च्यांत बसलेली, व्यवस्थापकबाई मागच्या रांगेत. ताईने घाईघाईने मला उघडलं, माझ्यावरून नजर फिरवली. सगळे शब्द शेजारी, सगळी बटणं जागच्या जागी. तिच्या जिवात जीव आला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

पण तिच्या पडद्यापेक्षा हा पडदा आखूड, आणि अक्षरं मोठी झालेली. मी उजव्या कडेला एका अक्षराने बाहेर गेलो होतो. शेवटच्या बटणाचा ट तेवढा कापला गेला होता. ‘पहाट’चं राहिलं होतं ‘पहा’. एखादा शब्द अर्धा तुटला तर डोळ्याला खटकतो. हा तुटूनही पुरा दिसत होता, म्हणून कुणालाच खटकला नाही.

काकांनी शब्द दिला तेव्हा त्यांचा आवाज किंचित कापत होता. मग घुमट निळा झाला, तारे आले, मंद तारेही आले, आणि काकांचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. एका मुलाने विचारलं, “काका, तारे दिवसा कुठे जातात?” काका म्हणाले, “कुठे जातील? आपल्याला उजेडात दिसत नाहीत इतकंच. आहेत तिथेच असतात बिचारे.” मला ते फार बरं वाटलं.

शेवट आला. काकांचा बाण उजवीकडे निघाला. ते ‘पहाट’ शोधत होते, आणि ‘पहाट’ कुठेच नव्हती. शेवटी एक ‘पहा’ होतं, पण तसलं ‘पहा’ तर वरच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरच्या स्वतःच्या मेनूतही होतं. ते दाबावं तर काय उघडेल याचा नेम नाही. अंधारात माझ्या एवढ्याशा उजेडात मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मागच्या रांगेत खुर्ची करकरली. शिपाईमामा बटणाकडे हात नेऊन उभे होते.

“काका,” एक बारीक आवाज आला, “सकाळ होणार ना?”

“होणार,” काका म्हणाले. “शब्द दिलाय ना मी.”

त्यांनी बाण पुन्हा उजवीकडे नेला आणि तो त्या शेवटच्या बटणावर येऊन टेकला. टेकला, आणि थांबला. मला एवढंच हवं होतं. मी माझी छोटी चौकट उघडली आणि जितक्या स्पष्टपणे कुजबुजता येईल तितक्या स्पष्टपणे कुजबुजलो: पहाट.

काका पुढे वाकले. त्यांनी चौकट वाचली, मग बटण वाचलं, मग पुन्हा चौकट. मग त्यांनी मान वर करून घुमटाकडे बघितलं आणि अगदी हळू, झोपलेल्या लेकराला उठवावं तसं म्हटलं,

“मुलांनो, पहा.”

आणि बटण दाबलं.

त्या दिवशीची पहाट मी त्यांच्या चष्म्यात पाहिली. दोन्ही काचांत एक फिकट रेघ उमटली, गुलाबी झाली, आणि तिच्याखाली दोन थेंब चमकले. मुलं गेल्यावरही व्यवस्थापकबाई मागच्या खुर्चीतच बसून होत्या.

“काका, ते ‘पहा’ तुम्ही आधी कधी म्हणत नव्हतात.”

“आजच सुचलं,” काका म्हणाले, अगदी साळसूदपणे.

“म्हणत जा,” बाई उठल्या. फिल्मचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ताई टेबलापाशी आली आणि तिने कपाळावर हात मारला. “बाबा! ट कुठे गेला? थांबा, एका ओळीचं काम...”

“खबरदार,” काका म्हणाले. “राहू दे तो तसाच. आता पहाटही आहे आणि पहाही आहे.”

मित्रांनो, त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या घुमटात रोज ‘पहा’ म्हणून उजाडलं. मग काका निवृत्त झाले. आता नव्या बाई मुलांना आकाश दाखवतात, स्वतः बोलून, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत. कॉम्प्युटर बदलला, पडदा रुंद आला आणि माझा ट आपोआप परत आला. मला कुणी बदललं नाही, पण विचारपूसही कुणी केली नाही. नव्या बाईंची नजर चांगली आहे. त्यांना चष्मा नाही, त्यामुळे मला आकाश दिसेनासं झालं. मी रोज रात्र करत होतो आणि रोज भिंत बघत होतो.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणाला नवं काही व्हायला सांगाल, धाकट्या भावाला, मैत्रिणीला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा माझ्यासारख्या एखाद्या यंत्राला, तेव्हा ‘च’ जरा जपून वापरा. त्याचं जे आहे ते आधी विचारून घ्या, आणि मग त्यात ‘ही’ म्हणून मिळवा. आम्ही आज्ञाधारक असतो हो. तुम्ही नाव घेतलं नाही, तर आमच्याजवळचं चांगलं आम्ही मुकाट्याने खाली ठेवतो.

परवा काका तारांगणात आले. बघायला. पहिल्या रांगेत मुलांमध्ये बसले होते, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळलं. खेळ संपत आला तेव्हा नव्या बाई अंधारात म्हणाल्या, “काका, आज सकाळ तुम्ही करा ना.”

ते चाचपडत आले, खुर्चीत बसले, माझ्यावर वाकले. “आला होय रे ट?” ते पुटपुटले. मी चौकट उघडून ‘पहाट’ म्हटलं, गरज नसताना. मग त्यांनी मान वर केली.

“मुलांनो, पहा.”

मुलांनी पाहिलं. काकांच्या चष्म्याच्या काचांत ती फिकट रेघ उमटली, आणि मीही पाहिलं.